आजोबांचे खड्गपात्र सापडले आहे. कुणाकडे द्यायचे, आणि त्याची नोंद कशी करायची?

कुळागरातली (फोंडा), ३० ऑगस्ट

नमस्कार. थोडे लांब होईल, पण पूर्ण वाचूनच उत्तर द्या ही विनंती.

चवथीला आम्ही सगळे सावईवेऱ्याच्या मूळ घरी जमतो. यंदा माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी तांब्याची मोठी भांडी काढायला मी माळ्यावर चढले. तिथे आजोबांची शिसवी पेटी आहे. तिच्या तळाशी जुन्या मुकट्यात गुंडाळलेले एक पात्र निघाले आणि मी ते लगेच ओळखले. लहानपणी ते वर्षातून एकदाच दिसायचे, म्हाळाच्या दिवशी. आजोबा राजांगणात दक्षिणेकडे तोंड करून बसायचे, जानवे उजव्या खांद्यावर, आणि या पात्रातले तीळपाणी हातावर घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचे. आम्हा मुलांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. घरात त्याला खड्गपात्र म्हणत. खड्ग म्हणजे तलवार, तेव्हा हे तलवारीच्या लोखंडाचे असणार, अशी माझी समजूत. खड्ग म्हणजे गेंडाही, हे कॉलेजात संस्कृत घेतल्यावर कळले, पण तेव्हाही मला हे पात्र आठवले नाही. परवा हातात आले तेव्हा आठवले, हे गेंड्याच्या शिंगाचे असणार, आणि मी माळ्यावरच खाली बसले.

वीतभराहून थोडे कमी लांब आहे. होडीसारखे, एक टोक निमुळते. बाहेरून काळपट, आतून तपकिरी. कडेला चांदीची पट्टी आहे, ती एका जागी उचकटली आहे. खिडकीशी उजेडासमोर धरले की कड मधासारखी दिसते. बुडाशी झिजले आहे तिथे टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके आहेत, शेकडो.

पेटीतच आजोबांची भांड्यांची वही होती. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. समया, ताम्हणे, पंचपात्री, कुणाच्या लग्नात काय दिले, काय आले, सगळे. त्यात एक ओळ: 'खड्गपात्र १, काशीहून, तीर्थरूपांनी आणले.' हा १ मूळचा नाही. आधी २ लिहून, तो खोडून, १ केला आहे. आजोबा १९८९ साली गेले, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

आता अडचण. माझ्या एका चुलतभावाने मला न विचारता फोटो काढून ओळखीतल्या एकाला पाठवला. तीन तासांत एका अनोळखी माणसाचा फोन. 'बघायला येतो, पटले तर रोख देतो, पावतीबिवती नको.' भावाला फोटो पुसायला लावला, पण गेलेला फोटो परत येत नाही.

मला हे विकायचे नाही. आता ते घरात ठेवावेसेही वाटत नाही. भीती दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे, मी ते सरकारात द्यायला गेले तर आजोबांच्या नावावर गुन्हा लागेल का? ज्या माणसाने मुंगीला साखर घातल्याशिवाय चहा घेतला नाही, त्याचे नाव मला आरोपी म्हणून वाचायचे नाही. दुसरी भीती अशी की, हे कुठल्यातरी कपाटात जाऊन पडेल आणि ते कुणाकडे होते, कशासाठी होते, कुठून आले, याची ओळसुद्धा उरणार नाही. एका जनावराचा जीव यात गेला आहे. त्याची कुठेतरी नीट नोंद व्हावी असे मला फार वाटते. ती कशी करतात?

म्हापसेकर वकील, ३० ऑगस्ट

ताई, आधी कायदा सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गेंडा पहिल्या अनुसूचीत आहे. मालकीचे प्रमाणपत्र नसताना त्याच्या शिंगाची वस्तू बाळगणे हा गुन्हा, विकणे त्याहून मोठा. शिक्षा तीन ते सात वर्षे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. अशा घरगुती वस्तू जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. ती कधीच संपली. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली तर ती कायदेशीर आहे हे सिद्ध करायचा भारही तुमच्यावर.

हे घाबरवायला लिहीत नाही. आपणहून लेखी कळवणे आणि कुणाच्या तक्रारीवरून घरात सापडणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आजोबा हयात नाहीत, त्यांच्यावर खटला होत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे अर्ज लिहा, सापडल्याची तारीख घाला, पोच घ्या, बरोबर वकील न्या. पात्र स्वतः गाडीत घालून नेऊ नका, ने-आणीलाही परवानगी लागते. त्यांनाच घरी बोलवा, पंचांसमोर पंचनामा करून घ्या. आणि ज्या नंबरवरून फोन आला तो अर्जात लिहा. फोन करणाऱ्याची चौकशी करणे हे त्यांचे काम, तुमचे नव्हे.

बेतकीचा, ३० ऑगस्ट

एवढी यातायात कशाला? जुनी देवाची वस्तू आहे. म्हाळ झाला की मांडवीत विसर्जन करा आणि मोकळ्या व्हा. कुणाला कळणार?

गुरांचा डॉक्टर (डिचोली), ३१ ऑगस्ट

बेतकीच्या भाऊंनी मनापासून सुचवले असेल, पण ताई, तेवढे करू नका. का, ते सांगतो.

मी आज डिचोलीच्या आसपास गाई-म्हशी बघतो, पण नोकरीची पहिली चार वर्षे आसामात काढली. ब्रह्मपुत्रेच्या काठचे रान. मेलेला पहिला गेंडा पाहिला तो जानेवारीतल्या एका सकाळी. धुके इतके होते की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती, गवत डोक्याच्या वर. मादी होती. कुशीवर पडली होती. नाकावर जिथे शिंग असते तिथे कुऱ्हाडीने पार हाडापर्यंत तोडले होते. शिंग कातडीवर वाढते, त्याच्या आत हाड नसते, नखासारखे ते परत वाढते. पण बुडाचे दोन बोटे शिंगही सुटू नये म्हणून हे लोक चेहऱ्याचा भागच काढून नेतात. तीसेक पावलांवर तिचे पिल्लू उभे होते, वर्षाचेही नसेल. आम्ही जवळ गेलो की मागे सरायचे, आम्ही बाजूला झालो की येऊन आईच्या पोटाला तोंड लावायचे.

मी टेप धरून मापे सांगत होतो, वनरक्षक लिहून घेत होता, आणि मला त्या लिहिण्याचा संताप आला होता. हे काय चालवले आहे, असे वाटले. आमच्याबरोबर एक वयस्क डॉक्टर होते. ते म्हणाले, 'लिही. हे पिल्लू कोर्टात उभे राहून सांगणार नाही.'

मग शिकलो. पहिले काम, कुणालाही जवळ जाऊ द्यायचे नाही, कारण पावलांचे ठसे तिथेच असतात. जागेचे अक्षांश-रेखांश. चारी बाजूंनी फोटो, प्रत्येक फोटोत मापपट्टी. घाव कुऱ्हाडीचा की करवतीचा. गोळी असेल तर धातुशोधक यंत्र फिरवून ती काढायची, कारण एकाच बंदुकीची गोळी दोन ठिकाणी मिळाली तर टोळी जुळते. गोळी नसेल तर जवळून विजेची तार गेली आहे का ते पाहायचे, कारण तारेला आकडा टाकूनही गेंडे मारले आहेत. अळ्यांच्या वाढीवरून मरणाची वेळ. कानाचा आणि नखाचा तुकडा बाटलीत, बाटलीवर क्रमांक, लाखेची मोहर, सही. त्यानंतर ती बाटली ज्या ज्या हातात जाईल त्या प्रत्येकाची सही आणि वेळ. या साखळीतली एक सही राहिली तर वर्ष-दोन वर्षांनी आरोपीचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो आणि माणूस सुटतो. माझ्या एका कामात असे झाले आहे. सही माझीच राहिली होती. ते पान मला आजही डोळ्यांसमोर दिसते.

तो तुकडा कशासाठी, तर शिंगातून डीएनए निघतो आणि तो या तुकड्यातल्या डीएनएशी जुळवून पाहता येतो. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टपूर्टच्या प्रयोगशाळेने गेंड्यांच्या डीएनएची नोंदवही सुरू केली. जिवंत, मेलेले, पकडलेल्या शिंगांतले, सगळे तिच्यात. विमानतळावर शिंग पकडले की ते कुठल्या रानातल्या कुठल्या मढ्याचे हे जुळवता येते. आपल्याकडे देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एकशिंगी गेंड्यांसाठी तसेच काम चालते.

नोंदीने काय कळते याचे एक उदाहरण मनातून जात नाही. व्हिएतनामच्या काट टिएन राष्ट्रीय उद्यानात जावा जातीचे गेंडे शिल्लक होते. रानात महिनोन्महिने फिरून त्यांचे शेण गोळा केले, तपासले, तर सगळे शेण एकाच जनावराचे निघाले. म्हणजे एकच उरली होती. एप्रिल २०१० मध्ये ती मेलेली सापडली, पायात गोळी, शिंग कापलेले. ती तिथली शेवटची होती हे सांगता येते ते कुणीतरी शेण वेचून त्यावर क्रमांक घातले म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत २००७ साली १३ गेंडे मारले गेले. २०१४ साली १,२१५. सात वर्षांत हे कुठून कुठे गेले पाहा. या मधल्या काळात व्हिएतनाममध्ये शिंगाने कॅन्सर बरा होतो अशी अफवा पसरली होती. आपण सहाणेवर वेखंड उगाळतो तसे तिथे खरबरीत बुडाच्या बशीत पाणी घालून शिंग उगाळतात आणि पितात. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असते तेच. कुणाचा कॅन्सर त्याने गेलेला नाही. २०२४ चा दक्षिण आफ्रिकेतला आकडा ४२० आहे, म्हणजे दिवसाला एकाहून जास्त.

आता तुमच्या पात्राबद्दल. तुम्ही लिहिलेले ठिपके वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. म्हशीचे शिंग आत पोकळ असते आणि कापले तर पापुद्रे दिसतात, कांद्यासारखे. गेंड्याचे शिंग म्हणजे केसाएवढ्या बारीक नळ्यांची घट्ट मोळी. आडवे झिजले की त्या नळ्यांची तोंडे ठिपक्यांसारखी दिसतात, उभ्या बाजूने बारीक समांतर रेघा. भिंगातून पाहा, पण खरवडू नका. कुणी म्हणेल जाळून वास बघा. तोही करू नका, जळक्या केसांचा वास म्हशीच्या शिंगालाही येतो, त्यातून काहीच कळत नाही. पक्के उत्तर प्रयोगशाळाच देईल. आणि काशीहून आणले म्हणजे ते आसामचेच असे नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत आणि गेंड्याची शिंगे शेकडो वर्षे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. मोझांबिक तर गोव्यासारखेच पोर्तुगीजांकडे होते.

भाऊ म्हणतात विसर्जन करा, कुणाला कळणार. तोच तर घोर आहे, कुणालाच कळणार नाही. शिंगाचा चोरबाजार चालतो तो 'हे जुने आहे, आजोबांच्या वेळचे आहे' या एका वाक्यावर. जुने म्हणून विकता येते तोवर परवा कापलेलेही जुने होते. युरोपात या जुन्या शिंगांसाठी चोरांनी संग्रहालये फोडली. २०१३ साली डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावात राष्ट्रीय संग्रहालयाच्या गोदामातून गेंड्यांची चार मुंडकी नेली, आठ शिंगे. २०१७ साली पॅरिसजवळ थ्वारीच्या प्राणिसंग्रहालयात शिरून पिंजऱ्यातला जिवंत गेंडा गोळी घालून मारला. तुम्हाला तीन तासांत फोन आला त्याचे आश्चर्य वाटू देऊ नका. त्या माणसाला म्हाळाशी काही देणेघेणे नाही.

पंचनाम्याच्या दिवशी मला बोलवा. मी येतो.

कुळागरातली (फोंडा), ३१ ऑगस्ट

डॉक्टर, पिल्लाचे वाचून मला पुढे लगेच वाचता आले नाही.

वकीलसाहेबांचे आभार. अर्ज लिहायला घेतला आहे. मला अजून एक गोष्ट छळते आहे. परवा म्हाळ आहे असे धरा, आणि ते पात्र नाही. काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणतात, खड्गपात्राने दिलेले पाणी पितरांना अक्षय पोचते, तू ते घरातून घालवतेस. त्यांना मी काय सांगू? कायद्याची भाषा त्यांच्यापुढे चालत नाही.

मंगेशीचे भटजी, १ सप्टेंबर

तुमच्या काकांचे म्हणणे खोटे नाही. पितृकार्यात सोने, चांदी, तांबे यांच्याबरोबर खड्गपात्र सांगितले आहे. मनुस्मृतीत तर गेंड्याच्या मांसाने पितर अनंत काळ तृप्त होतात असेही आहे. ते आज कुणी रांधतो का? कुणी रांधले नाही म्हणून कुणाचे पितर उपाशी राहिल्याचे मी ऐकलेले नाही.

मी तीस वर्षे या भागात म्हाळ घालतो. पाहिलेली खड्गपात्रे दोन, एका घरात गेंड्याच्या शिंगाची अंगठी. बाकी सगळीकडे तांब्याचे पंचपात्र आणि पळी. तीळ, दर्भ आणि ज्याला पाणी द्यायचे त्याचे नाव-गोत्र, एवढे असले की तर्पण पुरे होते. नाव-गोत्र चुकले तर मात्र सोन्याचे पात्र असून उपयोग नाही. काकांना सांगा, चांदीची वाटी चालेल आणि ती शास्त्रात आहे. गरज पडली तर मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलतो.

आणखी एक. तर्पणाच्या शेवटी आपण आब्रह्मस्तंबपर्यंत म्हणतो, ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी. त्यात हे जनावरही आले. मी यंदा ते म्हणताना थांबेन.

जुन्या गोव्याचा, १ सप्टेंबर

इतिहास शिकवतो म्हणून राहवत नाही. बाई, तुम्ही नोंदीचे म्हणालात. जगात ज्या गेंड्यांची खूप नोंद झाली त्यांतला एक गोव्यातूनच गेला.

१५१४ साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशहाकडे वकील पाठवले. परवानगी नाही मिळाली, भेटीदाखल एक जिवंत गेंडा मिळाला. तो गोव्यात आला, आणि आल्बुकेर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याला पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघाले. बरोबर त्याचा माहूत होता, पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव ओसेम असे आहे. २० मे १५१५ ला लिस्बन. पुढे राजाने तो पोपकडे पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडाले. गेंडा साखळीने बांधलेला होता, पोहू शकला नाही. जर्मनीत ड्यूरर या चित्रकाराने तो न पाहता, कुणाच्या तरी रेखाटनावरून आणि पत्रावरून ठसा कोरला, खांद्यावर एक जादा शिंग घातले, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे युरोपने गेंडा असाच असतो असे मानले.

एका गेंड्याचे निघणे, पोचणे, बुडणे, सांभाळणाऱ्याचे नाव, सगळे उपलब्ध आहे. आणि याच बंदरातून जी शिंगे गेली-आली त्यांचे काय? यान व्हान लिन्स्खोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला. गेंड्याच्या शिंगाला विषावरचा उतारा म्हणून इकडे किती मान आहे ते त्याने लिहून ठेवले आहे. शिंगाच्या पेल्यात विष ओतले तर ते उघडकीला येते असे राजेमहाराजे मानत. पण त्या शिंगांमागच्या जनावरांची एक ओळ नाही.

आपल्या काळात हे काम करणारा एक माणूस होता, एस्मंड ब्रॅडली मार्टिन. नैरोबीत राहायचा. सुरुवात केली ती हिंदी महासागरातल्या अरबी गलबतांच्या व्यापारापासून, आणि तिथून हस्तिदंत व शिंगांकडे वळला. बाजारात गिऱ्हाईक म्हणून जायचा, भाव विचारायचा, दुकानातल्या वस्तू मोजायचा, वहीत लिहायचा. येमेनमध्ये पुरुष कमरेला जांबिया लावतात, तिच्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या बनत. आफ्रिकेतले गेंडे त्या मुठींसाठी मरत आहेत आणि कोरताना पडलेला भुसासुद्धा औषधासाठी पूर्वेकडे जातो, हे त्याच्या मोजणीतून पुढे आले. ४ फेब्रुवारी २०१८ ला नैरोबीतल्या राहत्या घरात त्याचा खून झाला.

तुमच्या आजोबांची वहीसुद्धा तेच काम करते आहे. ती फेकू नका.

गुरांचा डॉक्टर (डिचोली), २ सप्टेंबर

सरांनी सांगितलेल्यात एक भर. २२ सप्टेंबर २०२१ ला आसामात बोकाखाटला २,४७९ शिंगे जाळली. सरकारी तिजोऱ्यांत वर्षानुवर्षे पडून होती, पकडलेलीही आणि आपल्या मरणाने मेलेल्या गेंड्यांचीही. माझे दोन जुने सहकारी त्या कामाला होते. जाळण्याआधी प्रत्येक शिंग बाहेर काढले, तपासले, मोजले, नमुना काढला. ९४ शिंगे जतन करायला आणि ५० कोर्टाच्या कामांसाठी वेगळी ठेवली. जाळले तेही मोजून जाळले. पुढच्याच वर्षी आसामात शिकारीत एकही गेंडा गेला नाही. २०१३ साली २७ गेले होते. एका होळीने असे झाले असे मी म्हणणार नाही, तिथले वनरक्षक रात्र-रात्र पाण्यात उभे राहतात. काझीरंगात २०२२ च्या गणतीत २,६१३ गेंडे मिळाले.

कुळागरातली (फोंडा), ९ सप्टेंबर

काल झाले. सविस्तर लिहिते, कारण उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

अर्ज दिला, पोच घेतली. पाचव्या दिवशी वनखात्याचे तिघे घरी आले. डॉक्टर वेळेवर हजर होते, शेजारच्या वाड्यावरचे दोघे पंच. काका आरामखुर्ची राजांगणात ओढून बसले होते, एक शब्द बोलत नव्हते. पात्र मी पाटावर ठेवले होते, मुकट्यासकट.

त्यांनी मापे घेतली. लांबी १७.४ सेंटिमीटर, वजन पट्टीसकट १३८ ग्रॅम. फोटो सहा, प्रत्येकात मापपट्टी. अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात 'प्राणिज वस्तू, नग १' असे लिहिले. मी म्हटले, साहेब, एवढेच नको. तरुण मुलगा होता, चिडला नाही. म्हणाला, फॉर्मवर जागा एवढीच आहे बाई, पण तुम्ही पुरवणी द्या, मी जोडतो आणि त्यावर शिक्का मारतो. मी रात्रभर बसून लिहिलेली तीन पाने तयारच होती. कुणाकडे होते, कोणत्या दिवशी वापरत, कसे धरत, कुठे ठेवत. वहीच्या पानाची प्रतही जोडली.

त्याने ती पाने मोठ्याने वाचली, पंचांसाठी. वाचता वाचता तो 'चांदीची पट्टी केव्हा बसवली ते माहीत नाही' या वाक्याशी आला आणि काका पहिल्यांदा बोलले. 'मला माहीत आहे. माझ्या हातून पडले होते. मी सात वर्षांचा. कड तडकली. बाबांनी मला मारले नाही, पण तीन दिवस बोलले नाहीत. मग मडगावच्या सोनाराकडून पट्टी घालून आणली.' पंचाहत्तर वर्षे हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. अधिकाऱ्याने पुरवणीच्या समासात ते लिहून घेतले आणि काकांची सही घेतली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, मी मनगट धरले.

डॉक्टरांनी भिंग दिले. ठिपके मी नीट पाहिले. एकाला एक लागून, वडाच्या पारंबीच्या टोकासारखे. मग पात्र पांढऱ्या कापडात शिवले, लाख वितळवली, मोहर उठवली. क्रमांक घातला, तो मी आजोबांच्या वहीत त्याच ओळीपुढे आजच्या तारखेनिशी लिहिला आहे. नमुना तपासणीला जाईल. फोन करणाऱ्याचा नंबर त्यांनी वेगळ्या कागदावर घेतला.

गाडी गेल्यावर काका म्हणाले, म्हाळाला चांदीची वाटी काढ, भटजींना मी विचारले आहे.

आणि आता तो खोडलेला २. काकांना तेही आठवते. दुसरे पात्र होते, याहून लहान, पट्टी नसलेले. त्यांच्या आजीच्या वर्षश्राद्धाला ते दान दिले. कुणाला, ते नाव आठवत नाही, पण प्रियोळच्या बाजूचे वृद्ध भटजी होते एवढे आठवते.

मंगेशीचे भटजी, १० सप्टेंबर

प्रियोळ भागातली जुनी चार घरे माझ्या माहितीत आहेत. पितृपक्षात तीन ठिकाणी मला जायचेच आहे. विचारतो. वर लिहिलेल्या दोन खड्गपात्रांपैकी एक तिथेच पाहिल्याचे अंधुक आठवते, पण पट्टी होती की नव्हती ते आता सांगवत नाही.

गुरांचा डॉक्टर (डिचोली), १० सप्टेंबर

भटजीबुवा, मिळाले तर त्या घरच्यांना दोनच गोष्टी सांगा. फोटो कुणाला पाठवू नये, आणि पात्र घासूनपुसून लख्ख करू नये. बाकीचे आम्ही येऊन सांगतो, वकीलसाहेबही येतील.

कुळागरातली (फोंडा), १० सप्टेंबर

वहीच्या पानाची प्रत तुम्हाला आजच पाठवते, भटजीबुवा. काका म्हणतात त्या लहान पात्राच्या निमुळत्या टोकाला आतून एक आडवी रेघ होती, नखाने ओढल्यासारखी. त्यावरून ओळखा.